दादाचा भरलेला चेहरा

परवा रात्री जेवणं उरकली आणि मी झोपाळ्यावर टेकलो, तोच पुतण्याचा निरोप आला. कुठल्याशा बातमीचं कात्रण होतं. दारूमुळे यकृतात साठणारी चरबी घालवणारं हार्मोन सापडलं, असा मथळा. खाली त्याने लिहिलं होतं, "काका, बघा. आता इंजेक्शनच येतंय." आणि पुढे एक हसरा चेहरा.

हा माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा मुलगा. नवी मुंबईत नोकरी करतो. चाळिशी ओलांडली. मागच्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत त्याची सोनोग्राफी झाली. कागदावर आलं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू'. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेता?" हा म्हणाला, "शनिवार-रविवार." सूनबाईने मला फोनवर जे सांगितलं त्यात आठवड्याचे बाकीचे वारही होते.

त्या हसऱ्या चेहऱ्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. दादा १९९४ साली गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी, याच आजाराच्या शेवटच्या टप्प्याने. आणि त्याच्यावरही हार्मोनचाच उपचार झाला होता. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला यातलं काही ठाऊक नाही. खरं सांगायचं तर ते औषध हार्मोन होतं हे मलाही पुढे वीसेक वर्षांनी कळलं. मी शाळामास्तर, डॉक्टर नव्हे. पण दादा गेल्यापासून या आजाराबद्दल जे हाती लागेल ते वाचत आलो. तेच आज जरा सलग लिहून काढतो. पुतण्याला एवढा लांब निरोप पाठवता येणार नाही, म्हणून इथे.

*

आमचं गाव पोलादपूर तालुक्यातलं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडचं. भात आणि नाचणी सोडली तर पोटाला आधार मुंबईचा. दादाही दहावीनंतर मुंबईला गेला, गावकीच्या खोलीत राहिला आणि लालबागला गिरणीत लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दादा वर्षभर वाट पाहून गावी परतला. येताना पत्र्याची पेटी आणि एक सवय घेऊन आला.

सवय मुंबईची, असं आई म्हणायची. ते काही पूर्ण खरं नव्हतं. आमच्या जिल्ह्याचा आणि दारूचा संबंध फार जुना. ब्रिटिश सरकारने १८७८ साली अबकारीचा कायदा करून दारू गाळणं आपल्या मुठीत घेतलं. घरोघरी मोहाच्या फुलांची दारू गाळली जाते म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला. झाडावरून पडलेलं फूल घरात ठेवण्यावरच निर्बंध! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. मग हळूहळू ती सैल होत गेली आणि परवान्याची पद्धत उरली. या परवान्याची गंमत अशी की तो कायद्याच्या भाषेत 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो. आमच्याकडे अर्थात परवाना कोणी बघत नव्हतं. हातभट्टीला कसला आलाय परवाना!

दादा रोज घ्यायचा, पण त्याचा एक नियम होता. रिकाम्या पोटी घ्यायची नाही. सुकट, अंडी, कधी मटण. "खाऊन प्यायलं की लिव्हरला लागत नाही," हे त्याचं ठाम मत. पुढे वाचताना माझ्या लक्षात आलं की हे नुसतं गावठी मत नव्हतं. एके काळी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही हेच मत होतं, आणि त्याची सुरुवात एका हार्मोनपासून झाली होती.

*

'हार्मोन' हा शब्द तसा नवा. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १९०५ साली वापरात आणला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, गती देणे. आपला 'संप्रेरक' शब्द त्या मानाने नेमका आहे. एका अवयवाने रक्तातून दुसऱ्या अवयवाला पाठवलेली चिठ्ठी, असं मी वर्गात सांगायचो.

१९२१-२२ साली कॅनडात टोरोंटोला इन्सुलिन सापडलं. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगू लागले. पण थोड्याच काळात दिसलं की मधुमेह आवरला तरी या कुत्र्यांच्या यकृतात चरबी साठते आहे. इन्सुलिनच्या शोधातले एक भागीदार चार्ल्स बेस्ट यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. १९३२ च्या सुमारास त्यांच्या गटाने दाखवलं की कोलीन नावाचा अन्नातला घटक दिला की ही चरबी हटते. शोध खरा होता आणि मोलाचा होता.

पण त्यातून एक समजूत वाढत गेली की यकृतात चरबी होते ती आहार निकस असल्यामुळे. मग दारुड्याचं यकृत बिघडतं ते का? तर तो जेवत नाही म्हणून. १९४९ साली बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांवरून लिहिलं की यकृताला दारू साखरेपेक्षा जास्त विषारी आहे असं म्हणायला पुरावा नाही. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटल्यावर ते पुढची वीस वर्षं टिकलं.

ते मोडलं चार्ल्स लीबर यांनी. जन्माने बेल्जियन, काम न्यूयॉर्कमध्ये. १९६८ साली त्यांनी आणि रुबिन यांनी निरोगी स्वयंसेवकांना उत्तम, प्रथिनयुक्त जेवण देऊन वर दारू दिली. काही दिवसांतच त्यांच्या यकृतात चरबी दिसू लागली. पुढे १९७४ साली बबून माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पोटभर सकस खाऊनही दारू पिणाऱ्या माकडांत चरबी, मग सूज आणि काहींत थेट सिरॉसिस, म्हणजे यकृताचं दगडासारखं आवळून जाणं. दोष दारूचाच होता. उपासमार त्यात भर घालते, एवढंच.

दादा सुकट भाजत होता तेव्हा हा निकाल लागून दहा वर्षं झाली होती. पोलादपूरच्या घाटात तो पोचला नव्हता. आणि आज नवी मुंबईत? पुतण्याचा निरोप आला तेव्हा तो एका हॉटेलात होता म्हणे. समोर चिकन होतं.

*

मधे एक चांगला काळ आला, तो सांगायलाच हवा. १९९० च्या आषाढीला दादाने माळ घातली. आमच्या भागात वारकरी पंथाचं वजन मोठं. माळकरी झाला की दारू आणि मटण दोन्ही सुटतात, आणि गावाची नजरही राहते. दादाने सोळा महिने थेंबाला हात लावला नाही. तोंडाला चव आली, पोटाचा गच्चपणा गेला, शेताच्या बांधावर पुन्हा दगड रचू लागला. आई म्हणायची, पांडुरंगाने केलं. मी तिला नाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण वैद्यकातही हेच लिहिलेलं आहे. नुसती चरबी साठलेली असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर ती बहुतेकांत काही आठवड्यांतच ओसरू लागते. शरीराच्या इतक्या कमी आजारांना अशी माघार घेता येते.

१९९१ च्या दिवाळीनंतर गावकीच्या खोलीतला एक जुना सोबती आला. गिरणीच्या गोष्टी निघाल्या. दादाने माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. "उद्या परत घालतो," म्हणाला.

पुढची दोन वर्षं मी महाडहून शनिवारच्या एसटीने गावी जायचो आणि दर खेपेला काहीतरी नवीन दिसायचं. तळहात लाल झालेले. दंड काटकुळे, पोट पुढे. न्हावी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, तुमच्या दादाला दाढी येईनाशी झालीय." छाती बाईमाणसासारखी सुटू लागली होती, म्हणून तो चारचौघांत सदरा काढायचा नाही. आम्हाला वाटलं, अशक्तपणा. खरं तर ही हार्मोनचीच गडबड होती. दारू वृषणांतलं टेस्टोस्टेरॉनही घटवते आणि आजारी यकृताला शरीरातल्या स्त्री-हार्मोनची विल्हेवाट नीट लावता येत नाही.

ही लक्षणं जगभरच्या डॉक्टरांना बऱ्याच काळापासून दिसत होती. साहजिकच विचार आला, जे हार्मोन कमी पडतं ते बाहेरून का देऊ नये? डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या गटाने दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २२१ पुरुषांवर चाचणी केली. काहींना टेस्टोस्टेरॉनच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९८६ साली निकाल आला. जीव वाचण्यात काही फरक नाही. त्याआधी १९८४ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून ऑक्सँड्रोलोन या त्याच जातीच्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली होती. पहिल्या महिन्यातले मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. मध्यम आजारी माणसांत पुढे थोडा फायदा दिसला, पण उपचार म्हणून तो रुजला नाही.

मग दुसरी कल्पना. उंदराच्या यकृताचा मोठा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढतं, आणि त्या वाढीला इन्सुलिन व ग्लुकॅगॉन ही हार्मोनं मदत करतात असं प्रयोगांत दिसलं होतं. तेव्हा ही दोन्ही एकत्र सलाइनमधून दिली तर? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आशा वाटली. नव्वदच्या सुमारास नेटक्या चाचण्या झाल्या तेव्हा ती मावळली. उलट काही रुग्णांची साखर धोकादायक उतरली.

तिसरी कल्पना मला सर्वांत हुशारीची वाटते. ती पुन्हा टोरोंटोची. दारू पचवताना यकृत जास्त प्राणवायू खातं आणि त्याचा रक्तापासून दूरचा भाग गुदमरतो. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की शरीराचं असंच होतं. तेव्हा थायरॉइडला लगाम घालायची गोळी दिली तर यकृताची भूक कमी होईल! १९८७ साली ३१० रुग्णांचा निकाल छापून आला. दोन वर्षांत औषधाच्या गटात मृत्यूचं प्रमाण १३ टक्के, दुसऱ्या गटात २५ टक्के. म्हणजे जवळपास निम्मं. वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. पण नंतर सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा हा फायदा उभा राहिला नाही.

हे लिहिताना मला त्या संशोधकांची टिंगल करायची नाही. त्यांनी कल्पना मांडली, मोजलं, आणि उतरलं नाही तेव्हा तसं छापलं. मोजलं म्हणूनच आज आपल्याला कळतं.

*

१९९४ च्या जूनमध्ये दादाचे डोळे पिवळे झाले. आधी गावच्या रिवाजाने काविळीचं झाडपाल्याचं औषध झालं. मग ताप आला, पोटात पाणी झालं. मी त्याला मुंबईला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दारूने यकृताला जबर सूज आहे. सूज उतरायला एक गोळी सुरू करतो. रोज आठ गोळ्या, सकाळी, काही खाऊन.

ती गोळी प्रेडनिसोलोनची होती. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन करतात, त्याचंच हे बनवलेलं भावंड. कॉर्टिसोन १९४८-४९ साली संधिवाताच्या रुग्णांवर पहिल्यांदा वापरलं गेलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली, आणि १९५० चं नोबेल त्या शोधकांना मिळालं. सूज म्हटली की स्टेरॉइड, हा विचार तिथून सगळीकडे गेला. दारूच्या यकृतदाहात १९७१ पासून त्याच्या चाचण्या चालू होत्या. १९७८ साली बाल्टिमोरच्या मॅड्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या दोन तपासण्यांवरून एक सोपं गणित बसवलं, कोण जास्त धोक्यात आहे ते ओळखायला. म्हणजे दादाला दिलं ते त्या वेळचं चांगलं, पुस्तकी औषध होतं. डॉक्टरांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

अठरा दिवसांनी त्याला घरी आणलं. आणि घरी एक चमत्कार घडला. दादाचा चेहरा भरू लागला. गेली दोन वर्षं खोबण्यांत गेलेले गाल वर आले. भूक लागली. तो चक्क दुसरी भाकरी मागायचा. आईने ग्रामदेवतेला नारळ दिला. शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, अंग धरलं बरं का! पुतण्या तेव्हा त्याच्या मांडीवर बसून पाढे म्हणायचा, ते मला लख्ख आठवतंय.

स्टेरॉइडने चेहरा असा गोल होतो. त्याला वैद्यकात चंद्रासारखा चेहरा म्हणतात. ते मांस नसतं, ती प्रकृती नसते. आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं. महिना संपता संपता थंडी वाजून ताप आला. छातीत कफ झाला. पावसाने घाट बंद होता, पोलादपूरला न्यायला एक दिवस गेला. तिथून महाड. दादा चौथ्या दिवशी गेला. चेहरा भरलेलाच होता. आई कितीतरी वर्षं म्हणत राहिली, "बरा झाला होता रे. नजर लागली."

२०१५ साली ब्रिटनमधली एक मोठी चाचणी छापून आली. ११०३ रुग्ण, ६५ हॉस्पिटलं. हाच आजार, हीच गोळी. स्टेरॉइडने २८ दिवसांतले मृत्यू थोडे कमी झाल्यासारखे दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. तीन महिने आणि वर्षभराचा हिशोब केला तेव्हा काहीच फायदा उरला नाही. गंभीर जंतुसंसर्ग मात्र प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत १३ टक्के, न घेणाऱ्यांत ७ टक्के. मी ते आकडे वाचले आणि बराच वेळ खिडकीत उभा राहिलो. गोळी नसती तर दादा वाचला असता, असं मला म्हणता येत नाही. तेव्हा तो मुळातच फार पुढे गेला होता. आजही निवडक गंभीर रुग्णांना डॉक्टर हे औषध देतात. पण २००७ साली फ्रान्समधल्या लील शहरातून आलेल्या एका मोजमापामुळे, सात दिवसांत कावीळ उतरायचं लक्षण नसेल तर ते थांबवतात. आमच्या वेळी हे सात दिवसांचं गणित नव्हतं.

*

याच महाडमध्ये हार्मोनशी झालेली एक लढाई जिंकली गेली आहे, ती आठवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा आमच्याकडे लाल विंचू चावून माणसं मरायची. भातकापणीत, गवताच्या भाऱ्यात, दगडी बांधात. मांत्रिक होते, वेगवेगळी इंजेक्शनं होती, गुण कशाचाच नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून दर तासाच्या नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलीनच्या जातीच्या हार्मोनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची साधी स्वस्त गोळी त्यांनी १९८० च्या दशकात वापरायला सुरुवात केली. ती या लोंढ्याचा परिणाम अडवते. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकावर आलं. त्यांचं काम लॅन्सेटमध्ये छापलं गेलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. आमच्या गावात त्या गोळीमुळे जगलेली माणसं आहेत.

मग विंचवाला जे जमलं ते दारूला का नाही? मी यावर बराच विचार केला आहे. विंचू एकदा चावतो. लोंढा येतो, तो अडवला की माणूस घरी जातो, आणि पुन्हा विंचवाच्या वाटेला जात नाही. यकृताच्या औषधांना ती सवलत कधी मिळाली नाही. टेस्टोस्टेरॉन असो, इन्सुलिन असो, स्टेरॉइड असो, सगळी खटपट घर दुरुस्त करायची होती. आग लावणारा हात मोकळाच होता. ब्रिटनच्या त्या चाचणीतही वर्षअखेर निम्म्याहून अधिक रुग्ण एकतर दगावले होते किंवा त्यांना यकृतरोपण लागलं होतं, कुठल्याही गटातले असोत.

*

आता पुतण्याच्या कात्रणाकडे येतो. ते खोटं नाही, हे आधी सांगतो.

२००० साली जपानमध्ये क्योटो विद्यापीठातल्या नोबुयुकी इतो यांच्या गटाने एक नवं प्रथिन ओळखलं. त्याचं नाव एफजीएफ-२१. पुढे कळलं की हे मुख्यतः यकृतच तयार करतं आणि रक्तातून थेट मेंदूपर्यंत पाठवतं. म्हणजे यकृताचं स्वतःचं हार्मोन. दारू प्यायली की माणसाच्या रक्तात ते चढतं. हे २०१८ साली दाखवलं, तेही कोपनहेगनच्याच एका गटाने. म्युनिकच्या बिअर-उत्सवात सलग प्यायलेल्यांचं रक्त तपासून! उंदरांत ते दोन गोष्टी करतं. दारूची ओढ कमी करतं आणि पाण्याची तहान वाढवतं. २०२२ साली दारूची आवड असलेल्या माकडांना त्याच्यासारखं बनवलेलं औषध दिलं, तर त्यांचं पिणं जवळपास निम्म्यावर आलं. २०२३ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवलं की नशेत पडलेले उंदीर या हार्मोनने लवकर शुद्धीवर येतात. प्राण्यांत ते यकृतातली चरबीही कमी करतं.

त्या शास्त्रज्ञांचा अंदाज असा की पिकून आंबलेली फळं खाणाऱ्या प्राण्यांत हा बंदोबस्त फार पूर्वी तयार झाला असावा. वाचताना मला मोहाचं झाड आठवलं. सरकारने १८९२ साली फुलावर पहारा बसवला. त्याच्या किती तरी आधीपासून आपल्याच यकृताचा एक पहारेकरी मेंदूला चिठ्ठी पाठवत होता, की पुरे झालं, आता पाणी पी.

त्याच वाटेवर दुसरं एक हार्मोन आहे, जीएलपी-१. आतड्यातून येतं. त्याच्यावरून बनवलेलं सेमाग्लुटाइड मधुमेह आणि लठ्ठपणासाठी गाजतंय. २०२५ साली अमेरिकेत दारूचं व्यसन असलेल्या ४८ जणांवर छोटी चाचणी झाली, त्यात ते घेणाऱ्यांची पिण्याची ओढ आणि एका बैठकीतलं प्रमाण कमी झालं.

म्हणजे शंभर वर्षांत पहिल्यांदाच हार्मोनवाल्यांचा नेम बदलला आहे. नुसतं घर दुरुस्त करणं नाही, तर त्या हाताला धरणं. म्हणून मला या बातमीचा आनंद आहे. पण हे लिहितो त्या दिवशी दारूच्या यकृतरोगासाठी यातल्या एकाही औषधाला मान्यता नाही. माणसांवर चाचण्या चालू आहेत. टोरोंटोची ती निम्मे मृत्यू टाळणारी गोळी मी विसरलेलो नाही. आईचा नारळही विसरलेलो नाही.

*

पुतण्याला काल फोन केला. पहिल्यांदाच त्याला त्याच्या वडिलांच्या चेहऱ्याबद्दल सांगितलं. त्याला तो चेहरा आठवत होता. "बाबा बरे झाले होते ना तेव्हा?" त्याने विचारलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, आईचंच वाक्य बोलत होता. मी म्हटलं, "नाही रे. ते औषध होतं."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.

मग मी माझं मास्तरांचं काम केलं. म्हटलं, तुझ्या कागदावर जे लिहिलंय ते बाबांच्या १९९० सालच्या यकृताइतकंच आहे. तिथून परत येता येतं, ते आले होते. इंजेक्शन आलं तर मीच तुला घेऊन जाईन डॉक्टरकडे. पण ते येईपर्यंत प्यायची मुभा त्या बातमीत कुठेही लिहिलेली नाही. रोजची असेल तर एकदम एकट्याने तोडू नकोस, त्याने फिट येऊ शकते, डॉक्टरांना खरा आकडा सांग आणि त्यांच्या देखरेखीखाली थांब. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या आजही आहेत, यकृत बघून त्या ठरवतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. आणि काही जमलं नाही तर माळ आहेच, पण ती काढून ठेवायची वेळ आली की आधी मला फोन कर.

"माळ कुठाय काका ती?" त्याने विचारलं.

आहे. दादाने ठेवली तिथेच होती, पुढे आईने डबीत घालून ठेवली. मी त्याला म्हटलं, शिमग्याला ये. पालखी आहे. येताना नवीन रिपोर्ट घेऊन ये, आणि डॉक्टरांना काय आकडा सांगितलास तेही सांग.

"येतो," म्हणाला. असो. शिमग्याला अजून तीन महिने आहेत.